खवासपूरचा पूर ते राखीव सर्व्हर : प्रत नेमकी कुठे ठेवायची?

१/
इ.स. १७०० मधील ऑक्टोबरचा आरंभ. आजच्या सोलापूर जिल्ह्यात, माण नदीकाठच्या खवासपूर येथे औरंगजेबाची छावणी पडली होती. तिचा काही भाग तर नदीच्या कोरड्या पात्रातच उभा होता. वरच्या डोंगरांत कोसळलेल्या पावसाचे पाणी मध्यरात्री एकाएकी लोटून आले. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. त्या गोंधळात ऐंशी ओलांडलेल्या बादशहाचा पाय घसरला, गुडघा निखळला, आणि उरलेले आयुष्य तो लंगडतच चालला.

२/
हा प्रसंग सहसा दैवगतीची कथा म्हणून सांगितला जातो. त्याला कारभाराचेही एक अंग आहे. ती छावणी म्हणजे केवळ सैन्य नव्हते. बादशहा दक्षिणेत उतरल्यापासून दिवाण, बक्षी, खजिना, कारकून असा साम्राज्याचा गाडा त्याच्याबरोबर फिरत होता. त्याआधी १६९५ ते १६९९ या काळात हाच गाडा सोलापूर जिल्ह्यातच, माचणूरजवळच्या भीमाकाठी ब्रह्मपुरीस मुक्काम करून होता. हुकूम जिथून निघतात ती जागा एकच, आणि ती नदीच्या पात्रात! एवढे सारे एकवटले की एकच पूर साऱ्यांना पुरतो.

३/
याच काळात समोरच्या बाजूने काय केले होते? नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला. राजधानी गेली, पण राज्य गेले नाही. छत्रपती राजाराम महाराज शेकडो मैल दूर, तमिळ मुलखातल्या जिंजीला पोहोचले आणि तिथून कारभार सुरू झाला. जिंजी आयत्या वेळी शोधलेली नव्हती. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत ती घेतली आणि तिची तटबंदी बळकट करवली. संकट येण्याच्या बारा वर्षे आधी!

४/
शिवाय सगळे जिंजीलाच गेले नाहीत. मागे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपनाह' करून व्यापक अधिकार दिले गेले. म्हणजे दूर दक्षिणेत एक खरीखुरी, दगडी, तटबंद जागा, आणि इकडे एका किल्ल्याला न बांधलेला, पन्हाळ्यावरून वा विशाळगडावरून सारखाच चालणारा अधिकार. जिंजीचा वेढा जानेवारी १६९८ पर्यंत चालला. ती पडली तेव्हाही राज्य उभेच होते.

५/
हीच विवंचना आज सोलापुरातल्या एखाद्या सहकारी बँकेच्या, रुग्णालयाच्या किंवा कापड कारखान्याच्या संगणक विभागापुढे वेगळ्या शब्दांत येते. मुख्य सर्व्हर बुडाला, जळाला किंवा कोणी कुलूपबंद केला, तर कारभार उचलून धरणारा राखीव सर्व्हर कसा असावा? खराखुरा, म्हणजे स्वतःच्या लोखंडी पेटीतला? की व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्याच यंत्राच्या पोटात चालणारा, प्रत्यक्षात नुसती फाइल असलेला? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातली बरीच पाने याच मुलखातली आहेत.

६/
आधी कागदाचे युग. पेशवाईच्या महसुली व्यवस्थेत गावची वही कुलकर्ण्याकडे असे, परगण्याची नोंद देशपांड्याकडे, आणि त्यांवरून उभा राहिलेला हिशेब सरकारच्या हुजूर दफ्तरात. ही योजना आपत्तीसाठी नव्हती. कुलकर्ण्याने आकडा लपवला तर देशपांड्याच्या कागदावरून तो पकडता यावा, हा हेतू होता. परस्परांवरच्या अविश्वासातून एक उत्तम बॅकअप तयार झाला, असे म्हणायला हरकत नाही.

७/
त्याची गरज १७६३ मध्ये दिसली. निजाम अलीच्या फौजा पुण्यावर चालून आल्या, शहर लुटले आणि जाळले गेले. लोकांनी आपली चीजवस्तू सिंहगडाच्या आश्रयाला हलवली होती. तिचा माग काढत निजामाची एक तुकडी गडाच्या पायथ्याशी पोहोचली आणि तिथे मराठ्यांच्या इतिहासाचे कागद मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले, अशी नोंद ग्रँट डफने केली आहे. कागद हलवले होते, त्यांच्या प्रती मात्र केलेल्या नव्हत्या. हलवलेली मूळ वस्तू आणि वेगळी ठेवलेली प्रत यांत केवढा फरक आहे, हे त्या पायथ्याशी कळले. गावोगावच्या वह्या मात्र आपापल्या वाड्यांत होत्या, आणि महसूल त्यांच्या आधारे पुन्हा उभा करता येत होता.

८/
आता यंत्राकडे. 'व्हर्च्युअल' ही कल्पना क्लाउडबरोबर जन्मली, असा समज आहे. तो चुकीचा आहे. १९६७ च्या सुमारास आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील प्रयोगशाळेत सीपी-४० नावाची प्रणाली चालू झाली. एकाच महागड्या संगणकाची अनेक आभासी यंत्रे करायची, आणि प्रत्येक वापरकर्त्याला पूर्ण यंत्र आपलेच वाटावे, अशी ती रचना होती. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० बाजारात आणले. पुढे यंत्रे स्वस्त झाली आणि ही कल्पना मागे पडली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती साध्या सर्व्हरवर परत आणली.

९/
राखीव स्थळाचा धंदाही जुनाच. १९७८ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे सनगार्डने भाडोत्री राखीव संगणक केंद्र सुरू केले. अनेक कंपन्यांनी मिळून एका तयार यंत्राचे भाडे भरायचे आणि ज्याच्यावर आपत्ती येईल त्याने ते वापरायचे. एकाच वेळी दोघांवर आपत्ती आली तर काय, हा प्रश्न तेव्हाही होता. तो पुढे पुन्हा येईल.

१०/
भौतिक राखीव सर्व्हरची बाजू समजायला सोपी आहे. तो वेगळा आहे, आणि त्याचे वेगळेपण डोळ्यांना दिसते. मुख्य यंत्रांचा समूह कोसळला तरी हा चालू असतो. मोठा डेटाबेस सलग वाचायचा-लिहायचा असेल, टेप ड्राइव्ह थेट जोडायचा असेल, किंवा एखादे सॉफ्टवेअर यंत्राला लावलेल्या डोंगलशिवाय चालतच नसेल, तर लोखंडी पेटी बरी पडते. तिची दुखणीही लोखंडी. वर्षानुवर्षे ती रिकामी बसते, जुनी होते. मूळ यंत्रावरची प्रत निराळ्या बनावटीच्या यंत्रावर उतरवायला गेले की ड्रायव्हर जुळत नाहीत, डिस्क कंट्रोलर ओळखला जात नाही. आणि हे कळते ते नेमके आपत्तीच्या रात्री.

११/
व्हर्च्युअल सर्व्हरने हे दुखणे बरे केले. पूर्ण यंत्रच फाइल झाल्याने खालचे लोखंड कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न जवळजवळ उरला नाही. प्रत दुसऱ्या गावी पाठवता येते, तिथे जागी करता येते. काही साधनांत तर बॅकअपच्या साठ्यावरूनच यंत्र थेट चालू होते आणि डेटा मागाहून मूळ जागी जातो. सर्वांत मोठा लाभ वेगळाच, तो म्हणजे तालीम. बंद जाळ्यात प्रत उठवायची, तपासायची, मिटवायची. खऱ्या यंत्रावर हेच करायला दुसरे खरे यंत्र विकत घ्यावे लागते, आणि म्हणून ते बहुधा केलेच जात नाही.

१२/
मग प्रश्न सुटला? नाही. बॅकअपचा कारभार पाहणारा सर्व्हर केवळ प्रती सांभाळत नाही. कोणती प्रत कुठे, कोणत्या दिवसाची, कोणत्या किल्लीने उघडणारी, याची सूचीही त्याच्याकडे असते. तो सर्व्हर ज्या यंत्रसमूहाचे रक्षण करतो त्याच समूहात व्हर्च्युअल म्हणून ठेवला, तर समूह पडताच तोही पडतो. इतरांना उठवायला तो हवा, आणि त्याला उठवायला समूह हवा. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवून दार ओढून घेण्याचा हा प्रकार आहे. दफ्तरखान्यात रुमाल शाबूत आहेत पण यादी जळाली, तर कारकुनाची जी गत होईल तीच इथे होते.

१३/
महाराष्ट्राने आगीचा धडा २१ जून २०१२ रोजी घेतला. दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर चढत गेली. पाच जणांचा जीव गेला, अनेक खात्यांच्या फायली राख झाल्या. त्या फायली पुन्हा उभ्या करायच्या तर आधार होता जिल्हा व दुय्यम कार्यालयांकडे गेलेल्या पत्रांचा, आदेशांच्या स्थळप्रतींचा. १७६३ चीच गोष्ट पुन्हा घडली होती. केंद्रातले जळले आणि परिघावरचे कामाला आले. शासकीय कागद संगणकावर नेण्याला या आगीनंतर जोर आला.

१४/
पुढच्याच महिन्यात देशाला दुसरा धडा मिळाला, आणि त्याचा शेवट सोलापुरात आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. ३१ जुलैला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी एकामागून एक पडली. सुमारे साठ कोटी लोकांच्या मुलखात अंधार झाला. पश्चिमेचे जाळे कसेबसे तगले. दक्षिणेचे तर मुळातच निराळे होते. ते उर्वरित देशाशी चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या एचव्हीडीसी केंद्रांतून जोडलेले होते. तिथे वीज पलीकडे जाते, पण एका बाजूची लय दुसरीकडे जात नाही. मधे जणू एक उंबरठा असतो.

१५/
३१ डिसेंबर २०१३ रोजी तो उंबरठा ओलांडला गेला. पॉवरग्रिडची ७६५ केव्ही क्षमतेची रायचूर–सोलापूर वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताच्या लयीत मिसळले. 'एक देश, एक ग्रिड, एक फ्रिक्वेन्सी' हे वाक्य ज्या तारेमुळे खरे झाले तिचे एक टोक सोलापूर आहे. शहरातल्या किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. सोलापूर म्हटले की चादर, कडक भाकरी आणि शेंगाचटणीच आठवते.

१६/
या तारेचा लाभ उघड आहे. दक्षिणेत टंचाई असेल तर उत्तरेची वीज मोकळेपणी येते. किंमतही उघड आहे. २०१२ मध्ये दक्षिण वाचली ती वेगळी होती म्हणून. आता ती वेगळी नाही. अभियंत्यांनी हे जाणूनच केले. संरक्षक रिले, बेट-योजना, भार तोडण्याची व्यवस्था यांवर भिस्त ठेवून हा सौदा झाला, आणि तो शहाणपणाचा ठरला. पण सौदा होता, हे विसरू नये. जी जोडणी मदत आणते, तीच पडझडही आणू शकते. व्हर्च्युअल राखीव सर्व्हरविषयीचा सारा वाद या एका वाक्यात मावतो.

१७/
बँकांच्या क्षेत्रात तो वाद प्रत्यक्ष घडला. सोलापूर हे सहकाराचे शहर, नागरी सहकारी बँकांचे जुने केंद्र. गेल्या दशकात रिझर्व्ह बँकेने लहान सहकारी बँकांनाही कोअर बँकिंगकडे वळवले. शाखेतले खातेवहीचे पान एका केंद्रीय सर्व्हरवर गेले. चार-सहा शाखांच्या बँकेला स्वतःचे डेटा सेंटर आणि शिवाय दूरचे राखीव केंद्र परवडणे अशक्य. मग अशा बँका सामाईक सेवादात्याच्या यंत्रणेवर गेल्या. रोज तज्ज्ञ माणसे, दोन स्थळे, चोख देखरेख, हे सारे भाड्याने मिळाले. एकट्या बँकेला ते कधीच जमले नसते.

१८/
३१ जुलै २०२४. (तारीखही तीच, बारा वर्षांनंतरची!) सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवादात्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याच्या शक्यतेवरून एनपीसीआयने त्याला देशाच्या किरकोळ देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडले. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार थबकले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. दार लावून घेतल्यामुळे संसर्ग पुढे गेला नाही. वीजजाळ्यात जे रिले करते तेच इथे एका निर्णयाने केले. पण तीनशे बँकांनी एकच उंबरठा वाटून घेतला होता, हेही त्या दिवशी दिसले. फिलाडेल्फियाचा जुना प्रश्न परत आला होता.

१९/
जगातली उदाहरणेही हेच सांगतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी अनेकांनी मूळ आणि प्रत दोन्ही एकाच रात्री गमावले. 'आमचे क्लाउडमध्ये आहे' असे ते समजत होते. क्लाउड एका इमारतीत होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स या नावाने ओळखला गेलेला हल्ला थेट व्हर्च्युअल यंत्रांच्या यजमानांवर झाला. दुरुस्ती न बसवलेल्या यजमानात शिरायचे आणि आतल्या साऱ्या यंत्रांच्या फाइली एकदमच कुलूपबंद करायच्या. दहा खोल्यांची दहा कुलुपे फोडण्यापेक्षा वाड्याचा दिंडीदरवाजा फोडणे सोपे.

२०/
तेव्हा 'भौतिक की व्हर्च्युअल' हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा: मूळ आणि प्रत यांच्यात सामाईक काय काय आहे? छप्पर एक आहे का? वीजजोड एक? इंटरनेटची तार एक? साठवणुकीचे कपाट एक? आणि हल्ली सर्वांत घातक, व्यवस्थापकाचा पासवर्ड एक आहे का? सोलापूरच्या इमारतीत भौतिक सर्व्हर आणि दोन कपाटे पलीकडे भौतिक राखीव सर्व्हर ठेवला, तर दोन पेट्या आहेत, पण आग एकच आहे. पुण्याला व्हर्च्युअल प्रत ठेवली, पण दोन्हीकडे एकाच खात्याने प्रवेश होतो, तर अंतर अडीचशे किलोमीटर असूनही चोराला ते शून्यच आहे.

२१/
अंतराविषयी या मुलखाला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. हजारो माणसे गेली, जखमींना सोलापूरच्या रुग्णालयांत आणले गेले. त्या वेळच्या भूकंपप्रवण नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता! पुढे २००२ मध्ये ते क्षेत्रच नकाशातून काढून टाकण्यात आले. म्हणून 'आमच्याकडे काही होत नाही' हे राखीव स्थळ निवडण्याचे कारण होऊ शकत नाही. शेअर बाजारांसाठी सेबीचा दंडक असा की राखीव स्थळ शक्यतो निराळ्या भूकंपक्षेत्रात असावे, ते जमत नसेल तर मुख्य स्थळापासून किमान ५०० किलोमीटर दूर. सोलापूरहून मुंबई त्याहून जवळ आहे. सहकारी बँकेला हा दंडक लागू नाही, पण त्यामागचा विचार लागू आहे.

२२/
छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ चा ठोकताळा येथे उपयोगी पडतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. कुलकर्णी, देशपांडे आणि हुजूर दफ्तर यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र उपमा फार ताणू नये. देशपांड्याच्या वहीला कुलकर्ण्याच्या घरून कोणी एका कळीसरशी पुसू शकत नव्हते.

२३/
म्हणून मध्यम आकाराच्या संस्थेला सहसा मिश्र मांडणी सोयीची पडते. कामाचे सर्व्हर व्हर्च्युअल, त्यांच्या प्रती दुसऱ्या शहरात उठवता येतील अशा. पण बॅकअपचा कारभारी सर्व्हर मात्र त्या समूहाबाहेर, शक्य तर स्वतःच्या लहानशा पेटीत, निराळ्या पासवर्डने, संस्थेच्या नेहमीच्या लॉगिन-व्यवस्थेत न सामावलेला. एक प्रत अशी की ठरावीक काळ ती कोणालाच बदलता येऊ नये, व्यवस्थापकालासुद्धा. आणि त्या सूचीची छापील नक्कल तिजोरीत. कागद, होय. पेटीला खर्च जास्त येतो ही तक्रार खरी आहे, पण ही पेटी मुख्य सर्व्हरएवढी बलदंड असावी लागत नाही.

२४/
इथे दोन मोजमापे येतात. किती वेळाचा डेटा गमावणे चालेल, ते आरपीओ. किती वेळात कारभार पुन्हा उभा राहिला पाहिजे, ते आरटीओ. (हे परिवहन कार्यालय नव्हे, जरी प्रतीक्षेचा अनुभव कधी कधी सारखा असला तरी.) रोज रात्री बॅकअप घेणाऱ्या पतसंस्थेने सायंकाळी सर्व्हर गमावला तर त्या दिवसाच्या साऱ्या पावत्या हाताने पुन्हा भराव्या लागतात. हे चालेल की नाही, हे संगणक विभागाने नव्हे, संचालक मंडळाने ठरवायचे असते. मंडळाने आकडा दिला की भौतिक-व्हर्च्युअलचा निम्मा वाद आपोआप मिटतो.

२५/
उरतो तो निर्णय घेण्याचा धीर. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार दुपारच्या आधी थांबले. दूरसंचार जोडण्यांतल्या बिघाडाने सुरुवात झाली होती. चेन्नईला सुसज्ज राखीव स्थळ होते, तरी कारभार तिकडे हलवला गेला नाही. बाजार पावणेचारला पुन्हा उघडला. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केला. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास अर्ध्या तासात आपत्ती घोषित करायची, आणि घोषणेपासून ४५ मिनिटांत राखीव स्थळावरून काम सुरू करायचे.

२६/
२ मार्च २०२४, शनिवार. सुट्टीच्या दिवशी बाजार मुद्दाम उघडला गेला. सकाळचे पहिले सत्र मुख्य स्थळावरून चालले, मग थोडा विराम, आणि दुसरे सत्र राखीव स्थळावरून, खऱ्या पैशांनिशी, खऱ्या सौद्यांनिशी. १८ मे रोजी, पुन्हा एका शनिवारी, तेच केले गेले. सोलापुरातल्या लहान बँकेला बाजार बंद ठेवण्याची गरज नाही. महिन्याचा एक रविवार, व्हर्च्युअल प्रत उठवलेली एक खोली, आणि शाखेतला एक रोखपाल, जो शनिवारच्या शेवटच्या पावतीचा क्रमांक पडद्यावर सापडतो का ते पाहील.